ब्रेक लाईट विझतच नाही, स्विच दोनदा बदलून झाला!

रानजाई

मंडळी, वाहन विभागात हा माझा पहिलाच धागा. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

गाडी २०११ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक, हाताने टाकायचे गिअर, १ लाख १८ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ही गाडी घेतलीच कशाला" या वळणावर जाईल.

गेल्या शनिवारी चिपळूणहून कराडला येत होतो. कुंभार्ली घाटात धुकं असं की बॉनेटपुढचं दिसेना. मागचा ट्रकवाला सारखा डिपर मारत होता. त्याला पुढे जायचं असेल म्हणून मी बाजू दिली, तर तो जाईनाच. वर चहाला थांबलो तेव्हा उतरून आला आणि म्हणाला, "ताई, आख्खा घाट ब्रेकवर पाय ठिवून चढला का? लाईट इझंनाच की तुमची. थांबताय का चाललाय, काय कळंना आमाला." पाय मी ठेवलाच नव्हता.

घरी येऊन किल्ली काढली तरी लाईट चालूच. पार्किंगची मागची भिंत लालेलाल. रात्री ९ ला लावलेली गाडी सकाळी ७ ला सुरूच होईना. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप स्टार्ट करून जवळच्या गॅरेजला नेली. त्यांनी पेडलजवळचा स्विच बदलला. दोन दिवस छान. तिसऱ्या दिवशी पुन्हा लाल भिंत. "हा पीस खराब निघाला" म्हणून दुसरा स्विच टाकला, तर त्याने एकदाही लाईट विझली नाही. आता म्हणतात वायरिंगमध्ये शॉर्ट आहे, डॅशबोर्ड खोलावा लागेल, गाडी दोन दिवस सोडा.

सोडू का? सध्या रात्री बॅटरीची वायर काढून ठेवतेय आणि रोज सकाळी घड्याळ नि रेडिओ नव्याने लावतेय. कंटाळा आलाय.

अर्धाकप

फ्यूज काढून टाका. प्रश्न मिटला.

खिंडीतला

@अर्धाकप, मिटला कसला? रात्री पार्किंगमध्ये बॅटरी वाचवायला काढला तर ठीक. तसंच रस्त्यावर नेलं तर ब्रेक मारल्याचं मागच्याला कळणारच नाही. शिवाय पुष्कळ गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाईट एकाच फ्यूजवर असतात. पावसाळ्यात घाटात ब्रेक लाईट नाही आणि हॉर्नही नाही. काय बोलायचं!

कायम पेटलेली लाईटही तितकीच वाईट. ट्रकवाला डिपर मारत होता तो त्याचसाठी. त्याचे आभार माना.

अर्धाकप

रात्रीपुरतंच म्हणत होतो हो. चिडताय काय.

तात्या_वायरमन

रानजाई ताई, गाडी सोडू नका. निदान आज तरी नको. डॅशबोर्ड उघडला की त्याच्या चार क्लिपा तुटतात आणि पुढची पाच वर्षं खडखड ऐकत बसावं लागतं.

मी तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्येच काढली, आता मुलगा दुकान बघतो. ब्रेक लाईट म्हणजे गाडीतलं सगळ्यात गरीब सर्किट. बॅटरी, फ्यूज, पेडलवरचा स्विच, मागचे बल्ब, अर्थ (म्हणजे गाडीच्या बॉडीतून करंट परत जायची वाट). संपलं. बहुतेक गाड्यांत किल्लीचा त्याच्याशी संबंधच नसतो, म्हणून किल्ली खिशात घालून तुम्ही घरी गेलात तरी लाईट बॅटरी खात बसते. हिशोब करा. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ४२ वॅट, १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. काचेतला तिसरा दिवा असेल तर थोडं वर. एवढ्या गाडीला बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते, आणि तुमची काही कालची नसणार. रात्री ९ ते सकाळी ७ म्हणजे दहा तास. अगदी हिशोबात मेली बिचारी.

आता मुख्य गोष्ट. हा स्विच उलटा असतो. घरातलं बटण दाबलं की दिवा लागतो, तसं इथे नाही. फ्रिजच्या दाराचा स्विच आठवा. दार बंद असतं तेव्हा खुंटी आत दाबलेली, दिवा बंद. दार उघडलं की खुंटी बाहेर, दिवा चालू. ब्रेकचंही तेच. पाय काढलेला असतो तेव्हा पेडलचा दांडा स्विचच्या खुंटीला दाबून धरतो. पाय दिला की दांडा लांब जातो, खुंटी बाहेर येते, लाईट लागते.

म्हणजे लाईट विझत नसेल तर एक तर खुंटीला कुणी दाबत नाहीये, नाहीतर दाबूनही आतले कॉन्टॅक्ट सुटत नाहीत, नाहीतर स्विचला वळसा घालून भलतीकडूनच करंट येतोय. या तिघांतला चोर कोण ते शोधायला दहा मिनिटं पुरतात, पैसे शून्य.

गाडी सपाटीवर, इंजिन बंद, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. सीट मागे सारा, मॅट काढा आणि डोकं पेडलांखाली घाला. हसू नका, आम्ही जन्मभर तसंच झोपलोय. मोबाईलचा टॉर्च लावून ब्रेकच्या दांड्यावर वरपर्यंत बघत जा. दोन किंवा चार वायरींचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, लावलेला स्विच दिसेल. घरातलं कुणीतरी मागे उभं करा.

आधी पेडल हाताने तुमच्याकडे वर ओढा. लाईट गेली तर पेडल पुरतं परत येत नाही किंवा स्विचचं सेटिंग ढिलं आहे. नाही गेली तर खुंटी बोटाने आत दाबा. आता गेली तर स्विच चांगला, त्याला दाबणारा गायब. खुंटी दाबूनही पेटलेलीच राहिली तर कपलर काढा. कपलर काढल्यावर विझली तर स्विच खराब. कपलर काढूनही पेटलेली राहिली तरच वायरिंगचं नाव घ्यायचं, त्याआधी नाही.

आणि दोन प्रश्न. पाय काढताना पेडलमधून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं "टक्" येतं का? मॅटवर खडूच्या चुऱ्यासारखे भुसभुशीत प्लास्टिकचे तुकडे सापडले का?

रानजाई

तात्या, तुम्ही माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसला होतात का?

टक् येतं! महिनाभर येतंय. मी गॅरेजमध्ये सांगितलंही, तर म्हणाले, "जुनी गाडी आहे मॅडम." आणि तुकडे... घाटातून आल्यावर गाडी झाडली तेव्हा निळसर तुकडे सापडले होते. लेकाचं खेळणं तुटलं असं समजून त्यालाच ओरडले. "माझं नाहीये" म्हणून तो रडत होता, आणि मी त्याला वर खोटारडा म्हणाले.

आत्ता जाऊन डोकं घालून आले. नवरा मागे छत्री घेऊन उभा. पेडल वर ओढलं, काही नाही. खुंटी बोटाने दाबली, आणि मागून आरोळी आली, "गेली!" सोडली, "आली!" चार वेळा केलं. कपलर काढल्यावरही विझते.

म्हणजे दोन्ही स्विच चांगले होते?

तात्या_वायरमन

पहिला जुनासुद्धा चांगला असण्याची शक्यता आहे. टाकून दिला नसेल तर मागून घ्या.

नीट बघा, दांड्याला जिथे खुंटी टेकायला हवी तिथे एक गोल भोक आहे. त्या भोकात एक टिकली बसवलेली असते. कुणी स्टॉपर म्हणतं, कुणी पॅड, दुकानात ब्रेक पेडलचं रबर म्हणूनही चालतं. शर्टाच्या प्रेस बटणासारखी, मागून खोचायची. खुंटी दाबली जाते ती या टिकलीने. दहा-बारा वर्षांत उन्हाने, उकाड्याने ती कडक होते आणि बिस्किटासारखी चुरते. मग खुंटी भोकातून आरपार जाते. दांडा जाग्यावर आहे, स्विच जाग्यावर आहे, पण खुंटी मोकळी. तिच्या लेखी तुमचा पाय कायम ब्रेकवर.

आणि टक् का? तीच टिकली पेडलची उशीही असते. उशी गेल्यावर दांडा सरळ स्विचच्या अंगावर आपटतो.

आता पहिला नवा स्विच दोन दिवस का चालला? माझा अंदाज असा की तेव्हा टिकलीचा तुकडा भोकात अडकून होता. स्विच बदलताना खुंटी त्यावर जरा टेकली, लाईट विझली, गॅरेजवाल्याला वाटलं झालं काम. दोन दिवसांत तोही तुकडा पडला.

मुलाला आईस्क्रीम द्या.

निवांत_निशाचर

हा धागा गाडीचा आहे की गुप्तहेरकथेचा? पेडलखाली सापडले निळे तुकडे!

कोथरूडचा_कारागीर

+१ तात्या. माझ्या जुन्या गाडीचं हेच झालं होतं, लोणावळ्यात, रविवारी संध्याकाळी, दुकानं बंद. मी एक रुपयाचं नाणं फेविक्विकने त्या भोकावर चिकटवलं आणि पुण्याला आलो. आठ महिने चाललं!

खिंडीतला

आठ महिने चाललं हे नशीब. ते नाणं सुटून ब्रेक पेडलखाली किंवा दांड्याच्या खाचेत गेलं असतं तर? पायाशी गडगडणारी कोणतीही वस्तू ब्रेकजवळ नको, मग ती बाटली असो की नाणं. तात्या, तात्पुरतं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

तात्या_वायरमन

तात्पुरतं करायचंच तर भोकात बसेल असा आखूड बोल्ट घाला. चपटं डोकं खुंटीकडे, पलीकडून वॉशर आणि नायलॉक नट. नायलॉक नट कंपनाने सुटत नाही, साधा सुटतो. बोल्टचं डोकं जाड असेल तर खुंटी जास्त दाबली जाईल आणि पेडल जरा आधीच अडेल, म्हणून पातळच बघा. केबल टाय भोकातून ओवून त्याची गाठ खुंटीसमोर आणतात तेही पाहिलंय, घरापर्यंत यायला पुरतं. चिकटवाचिकटवी नको. उन्हात उभ्या गाडीत पेडलच्या वर किती तापतं ते हात घालून बघा.

कायमचं म्हणजे नवी टिकली. दोन कप चहाच्या पैशात येते. भोकातला उरलेला चुरा पेनाच्या टोकाने काढा आणि टिकली मागून अंगठ्याने दाबा, टप् करून बसते. वर हात पुरत नाही हीच काय ती अडचण, बारीक हाताच्या माणसाला लवकर जमतं. दोन घ्या. क्लचच्या दांड्यालाही बऱ्याच गाड्यांत तशीच टिकली असते आणि तिचंही वय तेवढंच झालेलं असतं.

स्विच पुन्हा बसवताना एक सांभाळा. जुन्या धाटणीचा आट्यांचा स्विच असेल तर मागचा चेकनट (स्विच जाग्यावर आवळून धरणारा नट) ढिला करून तो पुढे-मागे होतो. तो जास्त आत पिळायचा नाही.

खिंडीतला

त्या शेवटच्या वाक्याबद्दल मी लिहितो, कारण मी ते भोगलंय.

दुसरी गाडी, दुसरं गॅरेज, तक्रार हीच. माझ्या गाडीत टिकली शाबूत होती, फक्त सेटिंग ढिलं झालं होतं. गॅरेजमधल्या मुलाने स्विच पिळून पिळून असा आत घातला की लाईट विझली, पण स्विचचं अंगच दांड्याला रेटायला लागलं. म्हणजे पाय न ठेवताही पेडल कणभर दाबलेलं. कणभरच, पण तेवढ्याने मास्टर सिलिंडरमधून (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलतो तो) तेल मागे परतायची वाट बंद होते, आणि चालवताना तापलेलं तेल फुगलं की ब्रेक हळूहळू आपोआप आवळत जातात. गाडी जड वाटायला लागली. मला वाटलं पेट्रोल खराब. खंबाटकीच्या अलीकडे जळका वास. उतरून पुढच्या चाकाजवळ हात नेला तर चटका बसेल इतकी झळ. अर्धा तास थांबलो, मग पान्याने स्विच दोन आटे मागे घेतला, गाडी सुटली.

तेव्हा सेटिंग केल्यावर पेडल हाताने हलवून थोडी मोकळी चाल उरली आहे का ते बघायचंच. खुंटी दाबली गेली पाहिजे, पण स्विचचं अंग आणि दांडा यांच्यात एखाद मिलिमीटर फट दिसली पाहिजे. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. आणि एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा.

तात्या_वायरमन

शंभर टक्के. नव्या गाड्यांत बराच वेळा आटे नसतात, खुंटी पुरती बाहेर ओढायची, स्विच घालायचा आणि थोडा फिरवून लॉक करायचा, तो आपलं अंतर आपण धरतो. पेडल दाबून ठेवून घालायचा असतो ते विसरलं की सेटिंग चुकतं. यातले काही एकदाच बसतात, काढले की नवे घ्यावे लागतात.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. माझ्याकडे ऑटोमॅटिक आहे, त्यात या टिकलीचे चाळे वेगळे. एके दिवशी लक्षात आलं की ब्रेक न दाबताच गिअर पार्कमधून बाहेर येतोय. बटण दाबलं की ब्रेकवर पाय नसताना इंजिन सुरू. मला वाटलं गाडी हुशार झाली! खरं तर गाडीला वाटत होतं की पाय ब्रेकवरच आहे. हायवेला क्रूझ कंट्रोल लागेना तेव्हा शंका आली. चेक इंजिनचा दिवा होता, स्कॅनरवर पी ०५०४ कोड आला, म्हणजे स्विचमधल्या दोन सर्किटांचं एकमेकांशी जुळत नाहीये.

घरात लहान मुलं असतील तर हे हसण्यावारी नेऊ नका. पार्कचं कुलूप असतंच त्यासाठी की मुलाने दांडी ओढली तरी गाडी घरंगळू नये.

उलटा दोषही असतो, पाय दिला तरी लाईट न लागणं. २०१३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी ब्रेक लाईटच्या स्विचपायी अमेरिकेत १६ लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या. माझी गाडी त्यातली नव्हे, माझी गेली ती टिकलीच. खाली कार्पेटवर तुकडे होते, फक्त रंग वेगळा.

तात्या_वायरमन

बरोबर. चार वायरींचा स्विच असतो तो यासाठीच. एक जोडी लाईटला, दुसरी गाडीच्या कॉम्प्युटरला. काही गाड्यांत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही दाबलेत असं कॉम्प्युटरला वाटलं की तो इंजिनचा जोर कमी करतो. गिऱ्हाईक पिकअप नाही म्हणून पंप, फिल्टर, प्लग बदलत फिरतं आणि दोष पायाशी.

मुक्ता_देवळाली

माझा थोडा वेगळा प्रकार, इथेच विचारते. दिवसा काही नाही. रात्री हेडलाईट लावल्या की डावीकडची ब्रेक लाईट मिणमिणते, आणि ब्रेक दाबला की तीच बाजू उलट मंद होते. स्विचच का?

तात्या_वायरमन

नाही ताई, स्विच असता तर दोन्ही बाजूंना आणि दिवसाही पेटली असती. एकच बाजू आणि हेडलाईटशी संबंध म्हणजे डाव्या टेललॅम्पची अर्थ गेली. एका बल्बात दोन तारा असतात, ५ वॅटची टेललाईटची आणि २१ वॅटची ब्रेकची, दोघींना मिळून एकच अर्थ. ती गंजली की करंट परत जायला वाट शोधतो आणि ब्रेकच्या तारेतून उलटा घुसतो. होल्डर काढा, हिरवट बुरशी दिसेल. पॉलिश पेपरने घासा, अर्थची वायर बॉडीला जिथे स्क्रूने लावलीय तो स्क्रू काढून खालचा रंग खरवडून परत आवळा. लॅम्पच्या आत पाण्याचे थेंब असतील तर रबर गॅस्केटही बदला, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात याच धाग्यावर याल.

आणि कुणी तिथे एका तारेचा बल्ब कोंबला नाही ना तेही बघा. दोन तारांच्या बल्बाच्या बाजूच्या दोन पिना वर-खाली असतात, सारख्या पातळीवर नसतात. तरी जोर लावून बसवणारे महाभाग पाहिलेत.

निवांत_निशाचर

मी हौसेने मागे नाचणारे एलईडी लावून घेतले होते, तेव्हापासून ब्रेक लाईट अंधारात अगदी अंधूक दिसते. हेही तेच?

तात्या_वायरमन

तुमचं निदान तुमच्याच वाक्यात आहे. ज्याने एलईडी लावले त्याने कुठे वायर सोलून टॅप मारलाय ते शोधा. एलईडीला चिमूटभर गळका करंटही पुरतो, साधा बल्ब तेवढ्याने पेटत नाही. काढून टाका ते नाचरे.

रानजाई

काम झालं! सविस्तर लिहिते, तेवढं देणं लागतेच.

कराडमध्ये दोन दुकानांत "असं काही नसतं, आख्खं पेडल असेंब्ली घ्या" ऐकलं. तिसऱ्या दुकानातल्या आजोबांना झाडूच्या सुपलीतले निळे तुकडे कागदाच्या पुडीत दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, ड्रॉवर उघडला, दोन टिकल्या काउंटरवर ठेवल्या. तोंडातून शब्द नाही.

बसवायला मात्र चाळीस मिनिटं गेली. नवऱ्याचा हात वर पोचेना, माझा पोचला पण टिकली बसेना. शेवटी लेकाला खाली झोपवलं. त्याने अंगठ्याने दाबली, टप्. मग बाहेर येऊन म्हणाला, "माझं खेळणं नव्हतं ना?" आईस्क्रीम दोन लागली.

क्लचची टिकली हात लावताच हातात चुरा होऊन आली. तीही बदलली. पेडलची मोकळी चाल बघितली, पुढचं चाक उचलून फिरवलं, मोकळं फिरतंय. टक् गेलं.

गॅरेजमध्येही जाऊन आले, भांडायला नव्हे, जुना स्विच मागायला. पुडी दाखवली. मालक बराच वेळ तुकड्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "मॅडम, हे आधी आणायचं ना." स्विच बदलणाऱ्या पोराला हाक मारून त्यालाही दाखवलं. एका स्विचचे पैसे परत दिले, मी मागितले नव्हते.

रात्री बाल्कनीतून दोनदा वाकून बघितलं. भिंत काळी.

अर्धाकप

अभिनंदन! आता माझं. गाडी नाही, स्कूटर आहे. पावसाळा सुरू झाला की मागचा ब्रेक सोडला तरी लाईट पाच-दहा सेकंद राहते, कधी कायमच. इथेही टिकली?

तात्या_वायरमन

नाही. स्कूटरला डाव्या आणि उजव्या लिव्हरच्या मुळाशी एकेक छोटा स्विच असतो. मागचा ब्रेक म्हणताय म्हणजे डावा. चिखल-पाण्याने खुंटी जाम होते, नाहीतर केबल गंजून लिव्हर पुरता परत येत नाही. आधी लिव्हर बोटाने बाहेर ढकला. विझली तर केबलला तेल पाजा आणि लिव्हरच्या पिनला थोडं ग्रीस. नाही विझली तर स्विचवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून खुंटी वीस-पंचवीस वेळा दाबा. तरीही अडकली तर बदला, स्वस्त असतो. मोटरसायकलवाल्यांनी पायाच्या ब्रेकजवळची स्विच ओढणारी बारीक स्प्रिंग बघावी, ती गंजून आखडते किंवा सुटून लोंबते.

वॉशिंगवाल्याला लिव्हरवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका.

अर्धाकप

लिव्हर ढकलला, विझली. केबलला तेल घातलं. फ्यूज काढला नाही, नोंद घ्यावी.